कागदावरचा झरोका

बॅटरीच्या खोलीत शिरण्याआधी मेश्रामभाऊ दारात थांबायचे. मनगटावरचं घड्याळ, बोटातली अंगठी, कानामागची विडी, खिशातली आगपेटी, सगळं काढून टोपीत ठेवायचे आणि टोपी बाहेर झाडाला अडकवायचे. मग मागच्या माणसाकडे बघायचे. माझ्याकडे त्यांनी असं पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या लग्नाला दोनच महिने झाले होते.

"अंगठी काढा, साहेब."

"अहो भाऊ, बारा व्होल्टची तर बॅटरी आहे."

"हे तिले कोनी सांगितलं नाई. पाना घसरला अन् अंगठी मधात आली, तं लाल होते. मंग बोटासकटच निघते. घरी बाईसाहेबाले काय सांगसान?"

मी अंगठी काढली. बरोबरचे दोघे हसले. मेश्रामभाऊ हसले नाहीत.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. गडचिरोलीतल्या ज्या गावांपर्यंत विजेचे खांब पोचले नव्हते तिथे आम्ही सौर दिवे बसवत होतो. मी ठेकेदाराचा इंजिनिअर, नवाकोरा. मेश्रामभाऊ राजुऱ्याचे, परवानाधारक वायरमन, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. वायर ठरल्यापेक्षा एक नंबर बारीक आली तर ते गाडीतून उतरवूच द्यायचे नाहीत. बॅटरीपासून हातभर अंतरात फ्यूज नसला तर पुढचं काम बंद. मी घाई केली की म्हणायचे, "लाईन बंद करता येते साहेब, खांबावर चढून. बॅटरी कोन बंद करते? ते झोपतच नाई."

त्यांची एक पद्धत होती. गावाला समोर बसवून सगळं समजावून सांगितल्याशिवाय ते कुठलाही संच सुरू करत नसत. आपल्याकडे दसऱ्याला मोटारीची, नांगराची, शिलाई मशीनची पूजा होते, तशी बॅटरीचीही होणार हे त्यांना ठाऊक होतं. "फूल वाहा, कुंकू लावा, माही ना नाई. पन वात बाहीर. चार्ज होताना हिच्यातून गॅस निघते, तो वर छताले जाऊन बसते. त्याले दिवा दाखवू नका." ते स्वतः बौद्ध, पूजाअर्चा करत नसत, पण लोकांच्या पूजेला जागा ठेवून बोलायचे.

एटापल्लीच्या पुढे एका आश्रमशाळेत आम्ही चोवीस सेलची मोठी बॅटरी बसवली. खोली पूर्वी धान्याची होती. एक दार, बाकी सगळं बंद. मेश्रामभाऊंनी तपासणीच्या फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'वर झरोका नाही. झरोका होईपर्यंत सुरू करू नये.' खाली सही केली आणि चार दिवसांसाठी राजुऱ्याला गेले. "मिस्त्री झरोका पाडते तोवर येतोच. मंग सैपाकाच्या बायाले बसवून सांगू."

मिस्त्री आलाच नाही. उद्घाटनाची तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले. ठेकेदाराने मला एवढंच विचारलं, "फॉर्म क्लिअर आहे ना?"

मी दुसरा फॉर्म घेतला. 'हवा खेळती आहे' असं लिहिलं. खाली मेश्रामभाऊंची सही केली. त्यांची सही सोपी होती. पहिला कागद शाळेच्याच चुलीत टाकला. संध्याकाळी बटण मीच दाबलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या कौसाबाई दिव्याखाली उभ्या राहून स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होत्या. मेश्रामभाऊंना मी निरोप धाडला, काम झालं, येऊ नका.

नवव्या दिवशी दसरा होता. कौसाबाईंनी सेलवर झेंडूची फुलं ठेवली, कुंकू लावलं, वाऱ्यानं वात विझू नये म्हणून दार लोटून घेतलं आणि काडी ओढली. स्फोटात तीन सेल फुटले. तेजाबाने त्यांचा उजवा डोळा गेला.

चौकशीला मेश्रामभाऊंना बोलावलं. चौकशी अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला. त्यांनी सही निरखून पाहिली. मग माझ्याकडे वळले.

"मी लिहिलेला कागद दुसरा होता. तो कुठी हाये, साहेब?"

मी म्हणालो, "माझ्याकडे हाच आला."

त्यांनी कागद परत सरकवला. त्यांचा परवाना रद्द झाला. वीस वर्षं ज्यांनी एक वायर बारीक चालू दिली नाही, ते राजुऱ्यात पंपांच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळत बसले. मला पुढच्या वर्षी बढती मिळाली.

सात वर्षांनी, ते आजारी असल्याचं कळल्यावर, मी गेलो. खाटेजवळ बसून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, घरच्यांना सांगून मला पाणी द्यायला लावलं.

"मले तं तवाच समजलं होतं. माही सही मी वळखत नाई का? पन मले सांगून काय फायदा? कौसाबाईले सांगा. ते बाई समजून राह्यली का तिच्याच हातानं देव कोपला."

"जातो," मी म्हणालो. गेलो नाही. कधी पाऊस आडवा आला, कधी पूल. खरं म्हणजे काहीच आडवं आलं नव्हतं. त्या हिवाळ्यात मेश्रामभाऊ गेले. मला आठवड्याने कळलं. मग मात्र गेलो.

कौसाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मेश्रामभाऊ गेले हे सांगितल्यावर हात थांबले.

"दरसाली दसऱ्याच्या आधी येत होते," त्या म्हणाल्या. "दरसाली तेच सांगे. बाई, तुमची चूक नाई. मी म्हनो, मंग कोनाची? तं चूप बसे. चहा पिऊन निघून जाये. म्हनून मले वाटे, माहं मन राखाले बोलते भाऊ."

"माझी," मी म्हणालो. कागद, चूल, सही, सगळं सांगितलं.

त्यांनी उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"हे त्यायच्या जितेपनी काऊन नाई सांगितलं?"

मी उभाच होतो. त्यांनी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्या पुन्हा फुलं पसरू लागल्या.