लाल काचेतला सात

ही गोष्ट मी मंदालाही सांगितलेली नाही — आणि मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी आजवर काय काय सांगितलंय ते ऐकलंत तर कानांवर हात ठेवाल. कंपनीतल्या लांड्यालबाड्या, भावाशी झालेली मारामारी, सगळं. ही एक नाही. मग तुम्हाला का सांगतोय? वय झालं, पोटात ठेवायला जागा उरली नाही, असं म्हणणार होतो — पण ते खोटं. जागा आहे. माझ्या पोटात भरपूर जागा आहे.

कारण मी मनात धरणारा माणूस आहे. लोक चिडतात, चार शिव्या देतात, दुसऱ्या दिवशी बरोबर बसून चहा पितात. मला ते कधी जमलं नाही. माझा राग लोणच्यासारखा मुरतो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी लातूरकडचा. एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. प्रेशर गेज, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा — असल्या बारीक कामात माझा हात चांगला. नवीन पनवेलला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला होता. आमच्या सोसायटीच्या मागे तेव्हा भातशेती होती, शेतीपुढे खारवट जमीन, आणि खाडीला लागून खारफुटीचं रान. तिथले लोक त्याला तिवरं म्हणायचे. मला पक्षी-प्राण्यांचे फोटो काढायचा नाद लागला. सेकंडहँड पेटी कॅमेरा घेतला, रविवारी गळ्यात अडकवून हिंडायचो. दुसरं व्यसन नव्हतं हो मला.

एका रविवारी खांदेश्वरच्या तळ्याकाठी एका खंड्याची वाट बघत बसलो होतो. पलीकडच्या काठावर बायका कपडे धूत होत्या. मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हतो — हे तुम्हाला खरं वाटतंय ना? तेव्हा कुणाला वाटलं नाही. मागून कॉलर धरली गेली.

"बायांचे फोटू काडतंस? कुठला तू?"

तो हिराजी. कामोठ्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावातला. पन्नाशीचा, काळा, काटक, हाताची पकड पान्यासारखी. मी सांगत होतो, पण ऐकतो कोण? त्याने कॅमेरा हिसकावला, मागचं झाकण उघडलं आणि आतली फिल्म उन्हात ओढून काढली. इथवर मी सोडून दिलं असतं — कदाचित. पण त्याने ती फिल्म माझ्या गळ्यात हारासारखी घातली आणि मला तसाच रस्त्यापर्यंत चालवत नेलं. बायका बघत होत्या. रस्त्यावर आमच्या सोसायटीतले दोघं भाजी घेऊन चालले होते, तेही बघत होते.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. त्यानंतर मी जिना उतरायला लागलो की खालच्या बायका पदर सारखा करायच्या. आणि मंदा — तिने पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही खरंच तसले फोटो नव्हता ना काढत?" त्या "ना"चं काय करायचं, सांगा. त्या दिवशी मी ठरवलं, हिराजीला हे भोगायला लावायचं. मारून नाही. सगळे बघताहेत, आपण खरं बोलतोय आणि कुणाला पटत नाही — हे त्याला कळलं पाहिजे.

हातात कॅमेरा घेऊन उभं राहायचीसुद्धा चोरी झाली. मग मी आपोआप फोटो काढेल असा कॅमेरा बनवला. वनस्पती तुपाचा चौकोनी डबा घेतला, भिंगापुरतं भोक पाडलं, आत पेटी कॅमेरा बसवला. उंदीर मारायचा चाप असा लावला की तो सुटला की त्याची दांडी कॅमेऱ्याच्या खटक्यावर आपटेल. चापाला तंगूस बांधला — मासे पकडायची नायलॉनची दोरी — आणि तो जनावराच्या वाटेवर गुडघ्याखाली ताणला. जनावराचा पाय लागला की चाप सुटायचा, खट्, फोटो. फ्लॅश नव्हता, म्हणून डबा फक्त उजेडात बघायचा, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. एका वेळी एकच फोटो. मग मी जाऊन चाप पुन्हा ओढायचा आणि किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवायची. डब्याच्या मागच्या बाजूला मी झडप ठेवली होती. ती उघडली की कॅमेऱ्याच्या लाल काचेतून पुढचा आकडा दिसायचा. तो मी वहीत लिहायचो. बाकी सगळं माझ्या मनात राहायचं, हे मात्र कागदावर.

तिसऱ्या महिन्यात कोल्हा मिळाला. समोरून, कान ताठ. तो फोटो मी कंपनीत वर्कशॉपच्या भिंतीला लावला. तिथे माझ्याबरोबर बाळाराम होता, फिटर, हिराजीच्याच खाडीकडच्या गावातला. सरकारने जमीन घेतली म्हणून त्याला नोकरी मिळाली होती. भाताच्या दिवसांत त्यांच्याकडे रानडुकरं शिरायची, एका फेरीत भाताचं खाचर लोळवून जायची. मग गाव बांधांवर क्लचच्या वायरचे फासे लावायचं. कायद्याने बंदी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. गावाचा आपला एक कायदा होता: फासा ज्याचा, जनावर त्याचं, आणि मटणाचा वाटा घराघराला. त्या वर्षी कुणीतरी फासे कापून जनावरं परस्पर नेत होतं. गावच्या दृष्टीने याहून हलकी चोरी नाही.

बाळाराम कोल्ह्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुझा डबा आमचे बांधावर लाव ना. कोन फासं कापतंय ता समजंल तरी."

मी लावला. उघाडीच्या जवळच्या बांधावर. भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांधात लाकडी दार असतं, ती उघाडी. ओहोटीला उघडायची, भरतीला लावायची. एक वेळ चुकली तर दोन-तीन वर्षं भात येत नाही. गावाने ते काम हिराजीच्या बापाला दिलं होतं, बापामागून हिराजीला. दारापाशी अडकलेली मासळी त्याची. हा सगळा माणूस त्या दारावर उभा होता, असं म्हटलं तरी चालेल.

आता नीट ऐका, कारण इथेच आहे ते सगळं.

एका सकाळी मी शिफ्टच्या आधी बांधावर गेलो. चाप सुटलेला, आणि समोरचा फासा कापलेला, रिकामा. म्हणजे काहीतरी अडकलं होतं आणि डब्याने ते बघितलं होतं. मला इतका आनंद झाला, आणि तेवढ्यात हमरस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. घाईघाईने चाप ओढला आणि पळालो. किल्ली फिरवायची राहिली.

दुसऱ्या सकाळी चाप पुन्हा सुटलेला. झडप उघडली तर लाल काचेत कालचाच आकडा, सात. म्हणजे कालचं आणि आजचं, दोन्ही एकाच फोटोवर. मी वहीत तसं लिहिलं: "सात — किल्ली फिरवली नाही." माझ्या अक्षरात. फोटोत काय आहे ते कळायच्या आधी.

रविवारी मोरीला काळं कापड लावून फिल्म धुतली, फोटो छापले. सातव्या फोटोत फाशात अडकलेलं डुकराचं पिल्लू होतं. आणि त्याच्यासमोर, मान खाली घालून, हातात कोयता घेतलेला हिराजी.

तो काय करत होता? सांजेला उघाडीवर चालला होता. बांधावर सगळेच मान खाली घालून चालतात, नाहीतर पडतील. कोयता तिथे प्रत्येकाच्या हातात असतो. पिल्लू त्याच्या कितीतरी तास आधीचं. तो तिथून गेला तेव्हा समोर कापलेली वायर होती, बाकी काही नाही. फासा कोणी कापला, मला आजही माहीत नाही. हे सगळं मला त्या मोरीतच कळलं, फोटो ओला असतानाच. आणि मी हसलो. एकटाच, मोरीत बसून हसलो.

फोटो मी बाळारामला दिला. गावकीची बैठक झाली, मीही गेलो. फोटो हातोहात फिरला. हिराजीकडे सगळ्यांत शेवटी आला. त्याने तो दूर धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"ह्यो मीच हाय," तो म्हणाला. "सांजचा उघाडीवर चाललोय. पन डुकराचा पिल्लू मी नाय बघला." मग फोटोवर बोट ठेवलं. "माझे पायातून ह्यो मागला खुटा दिसतंय. कसा? मी काय काचेचा हाय?"

लोक हसले. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, कॅमेरा त्याने आयुष्यात एकदाच हातात घेतला होता, तोही माझी फिल्म ओढायला. आणि त्या सगळ्या माणसांत त्यालाच बरोबर ते दिसलं. पोटरीतून उघाडीचा खुंटा आरपार दिसत होता. दोन फोटो एकावर एक पडले की तसंच होतं.

बाळाराम तेवढा हसला नाही. फिटर होता तो. माझ्याकडे वळला. "एकावर एक दोन फोटू पडतान काय रं कधी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हिराजीपण. मी म्हणालो, "नाही. या कॅमेऱ्यात तसं होत नाही. पायावर दिसतोय तो कागदाचा डाग आहे."

आवाज जरासुद्धा हलला नाही. बाळारामने मान हलवली आणि लोकांना सांगितलं, हा माणूस कंपनीत गेजचा काटा बघतो, आकडा कधी चुकीचा सांगत नाय. ते खरं होतं. मी तोवर कधीच सांगितला नव्हता.

वाट्यात चोरी करणाऱ्याच्या हाती उघाडी कशी ठेवायची? ती दुसऱ्याला दिली. शिकारीतून, वाट्यातून हिराजीचं घर वगळलं. गाव त्याला काचेचा म्हणायला लागलं. काचेचा आला, काचेचा गेला. तरी तो भरतीच्या वेळी बांधावर यायचा, उघाडीपासून वीस पावलांवर, नवा माणूस दार नीट लावतो का बघत उभा राहायचा. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. मी मुद्दाम त्या बांधाने जायचो. मला ते बघायचं असायचं. गोड वाटायचं — दुसरा शब्द नाही माझ्याकडे. चांगली दोन वर्षं गोड वाटलं.

तुम्ही म्हणाल, त्याने तुझी अब्रू घेतली, तू त्याची घेतलीस, फिटंफाट. तुम्हाला तसं वाटावं म्हणूनच मी एक गोष्ट मघाशी गाळली. मुद्दाम गाळली.

तळ्यावरच्या त्या रविवारनंतर महिनाभराने हिराजी आमच्या दारात आला होता. चार मजले चढून. डबा मी तेव्हा अजून बनवलासुद्धा नव्हता. हातात पिशवी, पिशवीत चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे. मी आतल्या खोलीत होतो. मंदाला खुणेने सांगितलं, नाही म्हण. तरी तो उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलला, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "त्यांना सांगा, माझा चुकला. बायांनी मंग सांगला, तो पाखराचे मागं होता. जिन्यात पन सांगलंय मी सगल्यांना." त्याने खरोखरच प्रत्येक मजल्यावर दार वाजवून ते सांगितलं होतं. मंदाने पिशवी घेतली. तो गेल्यावर मी ती खाली नेऊन कचऱ्यात टाकली. चिंबोऱ्या जिवंत होत्या.

म्हणजे सातवा फोटो हातात आला तेव्हा आमच्यात काही उरलंच नव्हतं. त्याच्याकडून तरी.

पुढे गावाची उरलेली जमीनही गेली. मोबदल्याच्या सरकारी कागदांवर लावायला प्रत्येकाचा फोटो हवा होता. बाळारामने मलाच बोलावलं. शाळेच्या ओट्यावर स्टूल ठेवलं, मागे पांढरी चादर बांधली. कॅमेरा तोच, डब्यातून बाहेर काढलेला. एकेक जण बसत होता. दुपारी हिराजीचा नंबर आला. केस पाण्याने चापून बसवलेले, सदरा धुतलेला. त्याला समोर बघून पहिल्यांदा काय वाटलं सांगू? जिंकल्यासारखं वाटलं. अजूनही.

तो स्टुलावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले.

"डबा नाय आनला आज?" त्याने विचारलं.

"नाही."

"बरा," तो म्हणाला. "पाय नको घेव. निसता तोंडच घे."

मी खटका दाबला. किल्ली फिरवली. लाल काचेत पुढचा आकडा आला की नाही, ते दोनदा बघितलं. तो उठला, चादर सरळ केली आणि ओट्यावरून उतरून गेला. मी पुढच्या माणसाला बसायला सांगितलं.