लोड्स ऑफ मीठ

नव्वदच्या सुमारास माझ्या आत्याच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी इंग्रजी माध्यमातली, म्हणून आत्याने डोंबिवलीत इंग्रजी संभाषणाचा क्लास लावला. तिथे तिला ‘लोड्स ऑफ’ सापडलं आणि चमचाभर साखरेलाही ती लोड्स ऑफ शुगर म्हणू लागली.

लग्नानंतर ठाण्याची विहीण पहिल्यांदाच जेवायला आली. तिच्यावर छाप पाडायला आत्या बाहेरूनच स्वयंपाकघरातल्या सुनेला ओरडून म्हणाली, “अगं, आमटीत लोड्स ऑफ मीठ घाल हं!”

सुनेने घातलं. पहिल्याच घासाला आम्ही सगळ्यांनी पाण्याचे पेले उचलले.

“किती गं हे मीठ!” आत्या किंचाळली.

“आई, लोड्स ऑफ म्हणजे ढीगभर. तुम्हीच सांगितलंत ना?”

विहीण ताटात बघून हसली. आत्या सावरून म्हणाली, “मला बाई असंच आवडतं,” आणि तिने आणखी वाटीभर आमटी वाढून घेतली.