कायसंगं घेतलं?

मानोऱ्याच्या दवाखान्यातले कंपाउंडरदादा रोग्याला ‘कसं वाटते’ असं कधी विचारत नसत. बाटलीवर डोसाच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवता चिकटवता त्यांचा एकच प्रश्न असे, “कायसंगं घेतलं?” दादा मराठी चौथी शिकलेले. म्हणत, “औषध पोटात एकटं जात नाही, बाबू. त्याचे सोबती पाहा लागते.”

एकदा वावरातून एकजण उलट्या करत आला. दादांनी आधी त्याचा पितळी लोटा हुंगला. “ताक होतं यात सकाळपासून. लोट्याची कल्हई गेली, तिच्यामागं तूही गेला असता.”

मी नागपूरला रसायन घेऊन बी.एस्सी. झालो. घरातच काय, गावात पहिला. अभिमान होता, आजही आहे. त्या वेळी वहिनीला पाचवा महिना होता. पहिलं मूल जन्मताच गेलेलं, आणि आता तिचा चेहरा पांढराफटक, चार पावलं चालली की धाप. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. ते गंजका खिळा चोखल्यासारखं लागे, म्हणून मीच ऐटीत म्हणालो, “वहिनी, वरून चहा घ्या.” घरात चहाही मीच आणलेला.

महिना गेला, फरक नाही. आई देवापुढून उठेना. शेवटी वहिनीला घेऊन दवाखान्यात गेलो.

“कायसंगं घेतलं, बाई?”

“चहासंगं. भाऊजींनंच सांगतलं.”

दादांनी आपल्या कपातल्या कोऱ्या चहात तेच औषध ओतलं. चहा काळा झाला. त्यात टाक बुडवून त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘चहासंगं नाही.’ मग माझ्याकडे वळले. “बी.एस्सी., वहिनीच्या पोटात शाईचा कारखाना कायले काढून राह्यला?”

मी पुटपुटलो, “लोह चहातल्या तुरट द्रव्याशी बांधलं जातं, दादा. मग ते रक्ताला मिळत नाही. परीक्षेत लिहिलं होतं मी.”

“मंग घरी काहून नाही लिहिलं? लिंबाच्या पाण्यासंगं दे आता.”

हळूहळू वहिनीच्या ओठांवर रंग आला. मुलगी झाली, तिचं रडणं शेजारच्या आळीत ऐकू गेलं. बारशाला दादा आले. वहिनीनं चहा पुढे करून विचारलं, “कायसंगं घेता, दादा?”

“पेढ्यासंगं,” दादा म्हणाले.

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या पदवीच्या चौकटीत, काचेखाली, ती चिठ्ठी आहे. कागद पिवळा पडला. दादांचं अक्षर अजून काळं आहे.