रघुमामानं गाडीला केलेलं ड्रेसिंग

स्मृतिलेख म्हटल्यावर तुम्ही एव्हाना चेहरा लांब केला असणार. आता हा पोरगा लिहिणार, मामा म्हणजे वटवृक्ष, मामा म्हणजे दीपस्तंभ, मामा गेला आन् दौंड पोरकं झालं… तसलं काही न्हाई. मामा वटवृक्ष नव्हता, उंचीनं जेमतेम माझ्या खांद्याला लागायचा. दीपस्तंभ तर मुळीच नव्हता, घरातला बल्ब गेला तरी शेजारच्याला हाक मारायचा. आन् दौंड आहे तिथंच हाय, गाड्या वेळेवर उशिरा येतायत. हा लेख एका डब्याबद्दल हाय. गाडीच्या इंजिनातलं तेल धरायला घरी बनवलेला डबा. त्या डब्यानं एका भर दुपारी माझ्या मामाला माझ्या डोळ्यांदेखत जवळजवळ नेलाच होता, त्याबद्दल हाय.

मला नकलांची खोड. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर करून त्यांच्याच हातचा मार खाल्लेला मी. पण सगळ्यात हुबेहूब जमायचा तो रघुमामाचा आवाज. मामा रेल्वेच्या दवाखान्यात ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या. त्यामुळं फोन उचलला की "हॅलो" न्हाईच, नाकातनं एकदम, "हां… कुठं लागलंय?" मागच्या महिन्यात सकाळी माझा फोन वाजला. दौंडचा नंबर. मामाच असणार म्हणून मी त्याच्याच आवाजात म्हणालो, "हां… कुठं लागलंय?" पलीकडं सुजाताताई होती, मामाची एकुलती पोरगी. ती म्हणाली, "मिल्या, आप्पा गेले रे. चहा पिता पिता गेले." फोन ठेवायच्या आधी ती बारीक आवाजात म्हणाली, "अजून एकदा म्हण ना तसं…" मला न्हाई जमलं. अजूनबी जमत न्हाई.

ताईचं लग्न ठरलं तवा मी कॉलेजात होतो आन् मामानं नुकतीच गाडी घेतली होती. जुनी, डिझेलवरची, कुठल्याशा कंत्राटदारानं वापरून वापरून टाकलेली. वस्तीतली पहिली गाडी. मामा तिला "पेशंट" म्हणायचा. सकाळी बॉनेटवर हात ठेवून विचारायचा, "काय, रात्री झोप लागली का?" पेशंटला खोकला होता. इंजिन म्हातारं झालं की त्याच्या पोटात धूर साठतो. तो बाहेर सोडायला एक नळी असती आन् तिच्यातनं धुरासंगं तेलाची वाफबी येती. मामाच्या गाडीत ती नळी बॉनेटखाली तोंड वासून लोंबायची, आन् ती सगळी तेलकट वाफ पुढच्या फटींमधनं आत, बसणाऱ्याच्या अंगावर. पाटसला जाऊन आलं की माणूस भज्यांच्या गाड्यावर काम करून आल्यासारखा दिसायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग लग्नाला दुसरी गाडी करायची. तिथंच तर सगळं अडलं होतं. माझ्या आईच्या लग्नात, म्हंजी मामाच्या बहिणीच्या लग्नात, पाटसकडच्या एका बागायतदारानं वऱ्हाडाला ट्रॅक्टरची ट्रॉली दिली होती. त्याला सगळे बापू म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण विसरणारा नव्हता. दर निवडणुकीला वस्तीत यायचा आन् चारचौघांत मामाच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "काय रघुनाथ, तुझी बहीण आमच्या ट्रॉलीतनं सासरी गेली, आठवतंय ना?" मामा हसायचा. घरी येऊन जेवायचा न्हाई. त्यामुळं बापूनं ताईच्या लग्नाला आपली नवी जीप देऊ केली, तवा मामा एवढंच म्हणाला, "माझी पोरगी माझ्या गाडीतनं जाईल." विषय संपला. आन् तिथंच सुरू झाला. कारण आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत असती. आमच्या वस्तीची रीत अशी, की पोरगी साडी नेसून आधी विहारात वंदना घेती, सगळी वस्ती तिला डोळा भरून बघती आन् ती तशीच निघती. लग्न शिरूरला. दौंड ते शिरूर, पांढरीशुभ्र साडी, आन् पेशंटचा खोकला… विचार करा.

मामानं आधी चाचणी घेतली. मागच्या सीटवर दवाखान्यातली पट्टी अंथरली आन् चौफुल्यापर्यंत जाऊन आला. पट्टीवर तपकिरी ठिपकेच ठिपके. मामी ती पट्टी दोन बोटांनी उचलून म्हणाली, "ही साडी नेसवून पाठवा पोरीला. सासरची म्हणतील, नवरीला कांजिण्या झाल्यात." मामा गाडी घेऊन थेट रशीदभाईच्या गॅरेजात. रशीदभाईनं सांगितलं, इंजिन खोलावं लागंल, आन् लग्नाआधी ते होणार न्हाई. पण एक तोड हाय. नळीच्या वाटेत डबा बसवू. वाफ डब्यात शिरंल, तेल खाली बसंल, नुसती हवा पुढं जाईल.

मामानं घरातला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पैदा केला. रशीदभाईनं त्याला वर दोन नळ्या जोडल्या, तळाला बारकी पितळी तोटी बसवली आन् आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली, तेल अडकून खाली ठिबकावं म्हणून. दुसऱ्या नळीचं तोंड तो गाडीखाली सोडणार होता, पण मामा म्हणाला, "मागनं धूर दिसंल. वऱ्हाड हसंल. इंजिनाचा धूर इंजिनालाच पाजा." मग ती नळी, इंजिन ज्यातनं हवा ओढतं, त्या हवेच्या पाइपाला जोडली. रशीदभाईनं हात पुसत बजावलं, "मामू, डब्यात तेल साठू द्यायचं न्हाई. तोटी उघडून बघत जा. इंजिननं तेल पिलं ना, तो फिर रुकेगा नहीं. डिझेल है. चावी काढून खिशात घाला, तरी पळत राहणार." मामा म्हणाला, "मला शिकवू नको, मी माणसांचं रक्त थांबवतो." पुन्हा चाचणी झाली. पट्टी पांढरीच्या पांढरी! मामानं ती अख्ख्या वस्तीला दाखवली, पोराची मार्कशीट दाखवावी तशी.

इथं थांबायला पाहिजे होतं. पण लग्नाच्या आदल्या दिवशी, अंगणात हळदीची गडबड चाललेली, मी बघतो तर मामा बॉनेट उघडून डब्यात हात घालून बसलेला. ती घासणी त्यानं काढून टाकली होती आन् तिच्या जागी दवाखान्यातला पांढरा कापूस भरत होता. म्हटलं, "मामा, रशीदभाई…" तर म्हणाला, "अरे, जखम वाहत असली तर तिच्यात तारेची घासणी कोण घालतं? कापूस घालतात. कापूस पितो." एवढ्या खात्रीनं म्हणाला, की मलाबी पटलं. डबा म्हंजी ड्रेसिंग न्हाई, हे आमच्या दोघांच्याबी डोक्यात आलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी विहारातनं निघालो. मामा गाडी चालवत, शेजारी मी, मागच्या सीटवर धुतलेल्या चादरी अंथरून एकटी ताई. नवा पांढरा शर्ट घातलेला मामा आरशात रस्ता कमी आन् साडी जास्त बघत होता. वऱ्हाडाचा टेम्पो मागनं येत होता, त्यात मामी. चौफुल्याला थांबलो. मामानं तोटी उघडली. एक थेंब न्हाई. मामाचं तोंड असं फुललं! "बघितलंस? पेशंट बरा झाला." तेल नव्हतं असं न्हाई. कापूस सगळं धरून बसला होता, सोडतच नव्हता. पण ते आम्हाला कुठनं कळणार?

पारगावला भीमेचा पूल ओलांडला आन् पुढं रस्त्याला एक चढ लागला. मामानं जरा पाय दाबला. गाडी जोरात निघाली. मामानं पाय काढला… गाडी तशीच. मी म्हटलं, "मामा, हळू." तो म्हणाला, "माझा पाय वर हाय." मी खाली बघितलं. खरंच वर होता. आन् इंजिनाचा आवाज चढत चाललेला, गिरणीचा पट्टा सुटल्यासारखा. कापसानं धरून ठेवलेलं सगळं तेल इंजिन एकदम प्यायला लागलं होतं. मामानं क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. चावी फिरवली, चावी काढली, माझ्या मांडीवर टाकली. इंजिन चालूच. मागं काचेतनं काही दिसंना, नुसता निळापांढरा धूर. ब्रेकवर उभा राहून मामानं कशीबशी गाडी कडेला घेतली, वरचा गिअर टाकून क्लच सोडून बघितला, तर क्लचच जळल्याचा वास, इंजिन काही दबंना. "उतरा! लांब जा! सुजे, लांब!" ताईला मी ओढतच रस्त्यापलीकडं बाभळीखाली नेली. साडी दोन्ही हातांनी वर धरलेली तिनं. मागं वळलो तर मामानं बॉनेट उघडलेलं. मी ओरडलो, "मामा, फुटंल ते! सोडा, जळू द्या!" असलं इंजिन फुटलं तर आतलं लोखंड गोळीसारखं बाहेर येतं, हे रशीदभाईनं हसत हसत सांगितलं होतं. मामाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यानं हवेचा पाइप हिसकून काढला आन् क्षणभर नुसता त्या उघड्या तोंडाकडं बघत राहिला… मग अंगातला नवा शर्ट ओढून काढला. बटणं उडालेली मला दिसली. त्या शर्टाची त्यानं घडी घातली. एवढ्या गडबडीत, खरंच, चौकोनी घडी घातली! आन् इंजिनाची हवा कोंडायला ती त्या तोंडावर ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबून धरली, वरनं सगळं वजन टाकून, रक्त थांबवतात तशी. इंजिन शर्ट आत ओढत होतं. मामा सोडंना. गाडी अशी थरथरली, की बॉनेट त्याच्या पाठीवर आपटलं. ताई बाभळीखालनं "आप्पा!" म्हणून ओरडली आन् धावत सुटली, मी तिचा दंड धरला, तिनं मला ढकललं… आन् इंजिन दोन आचके देऊन गप झालं.

एवढी शांतता मी पुन्हा कधी ऐकली न्हाई. मामा बॉनेटखालनं बाहेर आला. बनियनवर, गळ्यापर्यंत काळा. डावा तळवा तापलेल्या लोखंडाला चिकटून सोलवटलेला. आन् आल्या आल्या पहिला शब्द काय? "साडीला लागलं का काही?"

तेवढ्यात बापूची जीप आली. लग्नालाच निघालेला. काच खाली करून म्हणाला, "रघुनाथ, अरे काय ही दशा! बस गं पोरी आमच्या जीपमधी." मामानं भाजलेला हात पाठीमागं लपवला आन् मान झुकवून म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, बापू. आम्ही आलोच." जीप गेली. मग टेम्पो आला, मामीनं कपाळाला हात लावला, आन् कुणीतरी टेम्पोचा दोर काढला. तो गाडीला बांधला. ताई पुन्हा मागच्या सीटवर चादरींवर बसली, मामानं एका हातानं स्टिअरिंग धरलं आन् आम्ही टेम्पोच्या मागं, दोरावर, न्हावऱ्यावरनं शिरूरला निघालो. इंजिन बंद, त्यामुळं धुराचं नाव न्हाई. टेम्पोतल्या बाया आमच्याकडं तोंड करून गाणी म्हणत होत्या. आन् बनियनवरचा मामा त्यांना मंत्र्यासारखा हात करत होता… भाजलेला.

मामा गेल्यावर लोकांनी खूप चांगलं चांगलं सांगितलं त्याच्याबद्दल. ते सगळं खरं असंल. मला मात्र त्या दुपारी मांडवामागं तो खुर्चीत बसलेला दिसतो. तिकडं माईकवरनं नवरीला बोलावणं चाललंय, आन् इकडं नवरी मामाची ड्रेसिंगची बॅग उघडून त्याच्यासमोर बसलेली.

"हात द्या."

"अगं, तुला उभं राहायचंय आता. साडी…"

"हात द्या म्हणते ना!"

तिनं तो काळा हात ओढला आन् सरळ आपल्या मांडीवर घेतला. त्या पांढऱ्या साडीवर. मामा हात काढायला बघतोय, ती सोडंना.

"साडी, साडी, साडी! दोन महिने घरात दुसरा शब्द न्हाई. काळी झाली असती तर काळी नेसून उभी राहिले असते! ते इंजिन फुटलं असतं म्हंजी? मी तिकडं उभी, आन् माझ्यासमोर… न्हाई बसायचं कुणाच्या जीपमधी, कबूल! चालत गेले असते मी. शिरूरपर्यंत चालत गेले असते, तुम्ही संगं असता तर!"

मामा खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "पट्टी सैल होतीय. अंगठ्याखालनं घे, म्हंजी…"

"गप बसा! जन्मभर लोकांचं बांधलंत ना? आज माझ्याकडनं बांधून घ्यायचं आन् गप बसायचं. एक शब्द काढला तर बघा… आन् मिल्या, तू काय रडत उभा राहिलाइस? कात्री दे इकडं!"