चालत्या माणसाचा मथळा

आमच्या घरात मथळ्याची परीक्षा चालून व्हायची. आई हडपसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि संघटनेची पत्रकं तीच लिहायची. नवं पत्रक झालं की मला गल्लीच्या तोंडाशी उभं करून ती कागद छातीशी धरायची आणि झपझप चालत माझ्या जवळून निघून जायची. तेवढ्यात मला मागणी, वार आणि जागा वाचता आली पाहिजे. नाही आली, तर कागद फाडायचा. "गेटवर तुझ्यासाठी कुणी थांबणार नाहीये," ती म्हणायची.

यातून मी नेमका चुकीचा धडा घेतला. मथळा जेवढा मोठा तेवढा चांगला.

गेल्या वर्षी कंत्राटी सफाई कामगारांच्या संघटनेची वेबसाइट मी केली. त्यासाठी फ्रेमवर्क घेतलं, म्हणजे अनोळखी लोकांनी लिहून, कुणीही वापरावा म्हणून मोकळा सोडलेला पानांचा सांगाडा. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत मथळ्यांची मापं असतात. मी सगळ्यात मोठं माप उचललं आणि आणखी वाढवलं. 'आम्हाला कायम करा!' लॅपटॉपवर दणदणीत दिसलं. मथळा दबका तर मागणी दबकी, हे माझं तेव्हाचं ठाम मत.

पहिल्या सभेला संघटनेतल्या, मांजरी गावच्या मावशी आल्या नाहीत. त्या एका आयटी कंपनीत जिने पुसतात. नजर अधू, म्हणून फोनवरची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कंपनीच्या गेटवर गाठून जाब विचारला. त्यांनी फोनच माझ्या हातात दिला.

"ताई, तुमचं पान उघडलं की नुसती बोंब हाय. यायचं कुठं, ते लिवा की."

पडदाभर मथळाच होता. शब्द मधेच तुटलेला, ओळी एकमेकींवर चढलेल्या, वरच्या ओळीचे पाय खालच्या शिरोरेषेत अडकलेले. वार आणि जागा पार खाली गडप. आणि पुढच्या रविवारी तर कायम करण्याच्या अर्जाची यादी बंद होणार होती. प्रत्येकाने स्वतः येऊन सही करायची. इतकी वर्षं जिने पुसलेल्या बाईचं नाव माझ्या आवेशापायी राहिलं असतं.

घरी आईला दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं. "क्रांती फार रुंद झाली गं तुझी. फोनात मावेना."

त्या दुपारी मी फ्रेमवर्कची माहिती पहिल्यांदा धड वाचली. मथळ्याला एकच माप द्यायचं नसतंच. कमीत कमी एवढा, जास्तीत जास्त एवढा, आणि मधल्या मधे पडद्याच्या रुंदीप्रमाणे. एका ओळीत तीन मापं लिहिली, ब्राउझरची खिडकी कडेला धरून आत ढकलली. मथळा लहान होत गेला. कुठेही अडखळला नाही, तुटला नाही. बाहेर ओढली, तसा पुन्हा भरत आला. मी खुळ्यासारखी किती तरी वेळ तेच करत राहिले. ज्यांनी हे लिहिलं, त्यांनी मावशींना कधीच पाहिलं नव्हतं, तरी त्यांच्या तळहातावरच्या पडद्यासाठी जागा ठेवली होती. मी तर मावशींना रोज पाहत होते.

एक गोष्ट मात्र फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांच्या हिशेबात नव्हती. ओळींमधलं अंतर रोमन अक्षरांच्या बेताने धरलेलं. आपल्या अक्षराला डोक्यावर आणि पायाखाली दोन्हीकडे जागा लागते. पण तो आकडाही त्यांनी बदलायला मोकळा ठेवला होता. मी वाढवला. अडकलेल्या ओळी सुटल्या. मथळ्याखाली लगेच वार, वेळ, जागा आली.

सकाळी पाळीच्या वेळेला आई माझ्याबरोबर गेटवर आली. मावशी लगबगीने येत होत्या. "पान उघडा, आणि थांबू नका," आई म्हणाली.

मावशींनी चालता चालता फोन डोळ्यांपाशी नेला. "आम्हाला कायम करा. रविवारी... धाला. शाळंच्या मैदानात." तोवर त्या आम्हाला ओलांडून गेल्याही होत्या. "येते! आत्ता उशीर व्हतोय," मागे न वळता म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला फोन दाखवू लागल्या.

आईने चष्मा काढून डबीत ठेवला. कागद फाडायचा नाही, एवढं मला कळलं.

रविवारी मावशी साडेनऊलाच मैदानात हजर. यादीतली चौथी सही त्यांची आहे, ठळक आणि रेघ सोडून बाहेर गेलेली.