डांबराखालचा पत्रा

वडूजजवळच्या गॅरेजातली ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत छापे पुष्कळ घातले, पण छाप्याला गेलो आणि शिकून परत आलो, असं एकदाच घडलं.

मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली, गस्तीची नोंद पाहिली आणि चहा तोंडाला लावणार तोच आमच्या हवालदाराचा खबऱ्या आला.

"सायेब, त्या डेंटर मिस्त्रीनं आठ दिस एक गाडी आत लपवून ठिवलीया. सीटा काढल्यात, तळ फोडतोय. आतनं पांढरा धूर निघतोय. नंबर बदलायचं काम हाय, लिहून घ्या!"

मिस्त्रींचं नाव आमच्या यादीत होतंच. पूर्वी एकदा चोरीचे पार्ट घेतल्याच्या संशयावरून त्यांना ठाण्यात आणलं होतं. निष्पन्न काहीच झालं नव्हतं. पण पोलिसांच्या यादीत नाव चढायला एक सकाळ पुरते, उतरायला जन्म जातो. मी डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि जीप काढली.

दार ढकललं तर पन्नाशी ओलांडलेला एक किडकिडीत माणूस उघड्या गाडीत उकिडवा बसून लाकडी हातोड्याने तळावर टकटक करत होता. हातात चामड्याचे मोजे. धूर खरा होता, पण तो आगीचा नव्हता. आइस्क्रीमच्या पेट्यांबरोबर येतो तो ड्राय आइस त्यांनी तळावर पसरला होता, त्याची वाफ निघत होती.

"हे काय चाललंय?" मी दरडावलं.

"डांबर काढतोय, सायेब. आवाज आत येऊ नये म्हणून कारखान्यातनंच तळाला डांबराचा थर देत्यात. जुना झाला की त्याच्याखाली पाणी मुरतंय, पत्रा सडतोय. गरम करून खरवडलं तर आणखी चिकटतंय. गार केलं की चिक्कीगत तडकतंय."

बोलता बोलता त्यांनी एक टोला दिला आणि वीतभर डांबर तुकडे होऊन सुटलं. खाली कारखान्याचा रंग जसाच्या तसा. एक ओरखडा नाही. मी मनात म्हटलं, हात आहे खरा. पण हातात कला असली म्हणजे माणूस साव असतोच असं नाही.

गाडी पलीकडच्या गावातल्या एका माजी सुभेदारांची, तळाच्या दुरुस्तीला दिलेली. त्यांनी ती तीन वर्षांपूर्वी आटपाडीच्या एका एजंटाकडून जुनी घेतलेली. कागदपत्रं बरोबर होती. तळाच्या पत्र्यावर कोरलेला चेसिस नंबर पुढच्या सीटखाली, कागदाशी जुळणारा. मी हवालदाराला त्या नंबरच्या कडेचं डांबर पेचकसाने खरवडायला सांगितलं. खाली वेल्डिंगची रेघ दिसली. म्हणजे नंबराचा तुकडा दुसऱ्या गाडीचा होता, तो कापून इथे जोडला होता. ही गाडी चोरीची.

"सापडलास!" मी म्हणालो. "वेल्डिंग मशीन तुझं, ग्राइंडर तुझा, गाडी तुझ्या ताब्यात. चल ठाण्यावर."

मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. बाहेर एव्हाना दहा-पंधरा माणसं जमली होती. ते त्या माणसांकडे बघत म्हणाले, "सायेब, मागल्या खेपेला सुटून आलो तरी वरीसभर कुणी दारात गाडी लावली न्हाई. आता न्हेलं तर ह्ये शटर कायमचं खाली. एक तास द्या. डांबर काढल्याबिगर पत्रा खरं बोलत न्हाई."

खरं सांगायचं तर मला दया नव्हती, उत्सुकता होती. मी तास दिला. पण उतावळेपणा आमच्या खात्याचा स्थायीभाव. दहा मिनिटांतच मी हवालदाराला म्हटलं, "तो कोपऱ्यातला ब्लो लॅम्प पेटव, डांबराला आच दे. लवकर होईल."

मिस्त्रींनी हवालदाराचा हात धरला. आरोपी होऊ घातलेला माणूस वर्दीतल्या माणसाचा हात धरतो, ही साधी गोष्ट नाही. "आवं, त्यानं सगळं वितळून एक हुईल. मग माझं बी खरं जाईल आन् तुमचा पुरावा बी."

मी हवालदाराला लॅम्प खाली ठेवायला खुणावलं. मिस्त्रींनी नंबराभोवती ड्राय आइस मांडला, वाट पाहिली, बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि मग बेताने टोला दिला. मागचं डांबर फटकन तडकलं होतं. इथलं तडकलं तर वेगळंच निघालं. तुकड्यांत बारीक खडी होती.

"ह्ये कारखान्याचं न्हवं, सायेब. रस्त्याच्या कामावरचं डांबर हाय. कारखान्याच्या डांबरात खडी नसती. आन् हिकडं बघा, वेल्डिंगच्या रेघंवर गंज. पत्र्याला खड्डं पडल्यात. आठ दिसांत असा गंज चढत न्हाई. गाडी माझ्याकडं आठ दिस हाय."

पंचांनी गंजावर बोट फिरवून पाहिलं. मी पंचनाम्यात प्रत्येक तुकडा वेगळा नोंदवला, सील केला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी जवळजवळ देऊन बसलो होतो. माझी मान खाली गेली, हे मी कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी एजंटाला चौकशीला बोलावलं. गडी मुरलेला. दोन तास एकच पालुपद, "मी फकस्त कमिशनवाला." मी खडीच्या डांबराचा तो तुकडा सीलबंद पारदर्शक पिशवीसकट टेबलावर ठेवला आणि सहज विचारलं, "हे डांबर कुठल्या रस्त्याचं?"

"मेव्हण्याचं काम तवा म्हसवड रोडला हुतं, पर त्याचा ह्यात काय संबंध?"

मेव्हण्याचं नाव कोणीच काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं! हवालदाराला हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत मेव्हणाही आला आणि सगळी हकिगत बाहेर पडली. गाडी सांगलीत एका शिक्षकाच्या दारातून चोरलेली होती. अपघातात मोडलेल्या तशाच गाडीचा नंबर तिला जोडला आणि वर कामावरचं डांबर फासलं. कारखान्यात वापरतात तसलं डांबर विकत आणायचा कंटाळा त्यांना नडला.

सुभेदारांची गाडी मुद्देमाल म्हणून जमा झाली. मला वाटलं, ते मिस्त्रींवर चिडतील. ते एवढंच म्हणाले, "गाडी गेली तर गेली. माणूस खरा निघाला."

मी मिस्त्रींकडे गेलो आणि म्हणालो, "मिस्त्री, माझं चुकलं. यादीतलं तुमचं नाव काढायला वर लिहितोय."

त्यांनी मान हलवली. "यादी तुमच्या कपाटात आसती, सायेब. ती गावाला कुठं दिसती? तुमी आसं करा, बाजारच्या दिवशी वर्दी घालून या. हितं भाईर स्टुलावर बसा. च्या पिऊ."

मी गेलो. भर बाजारच्या दिवशी, गॅरेजपुढे रस्त्याच्या कडेला तासभर बसलो. येणारा-जाणारा थबकून बघत होता. मिस्त्री मला हाताने दाखवत डांबराचे प्रकार समजावत होते आणि मी विद्यार्थ्यासारखी मान डोलावत होतो. बडतर्फीची नोटीस आली असती तरी मी उठलो नसतो.

निर्दोष माणसाला सोडून दिलं की आपलं काम संपलं, असं मी तोवर मानत होतो. ते तिथे संपत नाही. ज्या चारचौघांत त्याची अब्रू घेतली, त्याच चारचौघांत ती परत द्यावी लागते. दुसरा चहा आला तेव्हा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दारात थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिस्त्री, ह्यो मडगार्ड कवा करून देताय?"