व्हर्लिनच्या माशीवर किती?

देवाने व्हर्लिन स्कोगस्टाडच्या हातांना सगळं दिलं, फक्त नाजूकपणा द्यायचा राहून गेला. एकोणचाळीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला. जानेवारीच्या बर्फात, अंधारे उतार उतरून थेट गोठ्याच्या दारापर्यंत टँकर मागे सरकवत नेला आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या कुंपणाचा खांबही पाडला नाही. स्टिअरिंगवर ते हात देखणे दिसत. पण तेच हात तांदळाच्या दाण्याएवढ्या गळावर रेशमी धागा गुंडाळायला लागले की शेजारचा माणूस आपली कॉफी जरा लांब सरकवून घेई.

निवृत्त झाल्यावर माणूस काहीतरी नाद लावून घेतो. व्हर्लिनने माश्या बांधायचा लावून घेतला. माशी म्हणजे गळावर कोंबड्याचं पीस, हरणाचे केस, थोडी लोकर असं काहीबाही बांधून केलेला खोटा किडा. ट्राउट मासळी त्याला खरा समजून तोंड उघडते, निदान तशी अपेक्षा असते. व्हर्लिनच्या माश्या मात्र मांजराने सोफ्यामागे ओकून ठेवल्यासारख्या दिसत. शेपटी डावीकडे, पंख उजवीकडे आणि मधे ढेरी. हे त्याला सोडून सगळ्यांना दिसत होतं, असं गावाचं मत. माझं मत वेगळं आहे. त्यालाही दिसत होतं.

हिवाळाभर दर मंगळवारी दुपारी लूथरन चर्चच्या तळघरात आठ जण जमायचे. दिवे ओढून घ्यायचे, टेबलाला छोट्या पकडी लावायच्या, त्यात गळ अडकवायचा आणि हातांपेक्षा तोंड जास्त चालवायचं. त्यांचा एक नेम होता. हिवाळ्यात प्रत्येकाने एक खास माशी बांधायची. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी ट्राउटचा मोसम उघडला की टॉलेफसनच्या ओढ्यावर त्या आठही माश्या एका टोपीत टाकायच्या आणि डोळे मिटून एकेक उचलायची. जी हाताला लागेल तिच्यावरच दुपारपर्यंत मासेमारी करायची, कुरकुर न करता. मग जेवणाच्या वेळी ती माशी जिने बांधली तिला, ज्याने बांधली त्याला परत द्यायची आणि सगळ्यांसमोर सांगायचं, तुझ्या माशीवर किती लागले.

व्हर्लिनचं वर्षाचं सुख त्या एका वाक्यात असे. कधी दोन, कधी तीन, एका वर्षी तर पाच. अकरा वर्षांची त्याची बेरीज एकतीस होती आणि ती त्याला झोपेतसुद्धा पाठ होती. फक्त एकदा, सातव्या वर्षी, त्याची माशी आर्लिस ट्वाइटच्या हाताला लागली होती आणि आर्लिसबाईंनी सरळ सांगितलं होतं, “शून्य.” शहात्तरीच्या या बाईंनी तीस वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात शिलाई केलेली. त्यांची माशी कुंडीत ठेवली तर उडून जाईल अशी. व्हर्लिन त्या वेळी महिनाभर त्यांच्याशी बोलला नव्हता. स्वतःला फार शहाणी समजते, असं त्याने दोन-तीन ठिकाणी बोलूनही दाखवलं होतं.

यंदाच्या शनिवारी त्याची माशी पास्टर गेलन यांना लागली. दुपारी पुलाजवळ त्या आठांतल्याच ऑर्डेलच्या पिकअपचं मागचं फळकूट उघडून त्यावर जेवण मांडलं होतं. भाजलेले सॉसेज, बटाट्याचं सॅलड आणि ऑर्डेल चीजच्या कारखान्यात कामाला असल्यामुळे दाताखाली चूंचूं वाजणारे ताजे चीजचे तुकडे. पास्टरांनी माशी व्हर्लिनच्या तळहातावर ठेवली आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, “तीन! त्यातली एक तर अशी होती की काय सांगू.”

“सांगा ना,” व्हर्लिन म्हणाला. त्याला सगळं ऐकायचं होतं.

पास्टर सांगत होते आणि व्हर्लिन माशी बोटांत फिरवत होता. फिरवता फिरवता त्याचा अंगठा गळाच्या नेढ्यावर थांबला. माशी बांधून झाली की धागा सुटू नये म्हणून डोक्यावर रोगणाचा थेंब देतात. घाईत तो थेंब पुढे ओघळला तर नेढं बुजतं. नवशिका हमखास करतो ही चूक. बारा वर्षांचा नवशिकाही करतो. व्हर्लिनने माशी उन्हासमोर धरली. नेढ्यात रोगण दगडासारखं घट्ट वाळलं होतं. त्यातून उजेडही जात नव्हता, मग तंगूस कुठून जाणार?

त्याने घास खाली ठेवला.

“पास्टर,” तो म्हणाला, “गाठ कुठली मारली होतीत?”

“नेहमीचीच की.”

“आणि तंगूस ओवला कुठून?”

“कुठून म्हणजे? नेढ्यातून.”

व्हर्लिनने माशी त्यांच्या नाकासमोर धरली. पास्टरांनी चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांच्या मानेवरून लाली चढत चढत थेट टकलापर्यंत गेली. रविवारी व्यासपीठावरून खोटं बोलू नका म्हणून सांगणारा माणूस हातात सॉसेज धरून उभा होता.

ऑर्डेल खो खो हसायला लागला. “पास्टर! अहो तुम्ही सुद्धा?”

“तुम्ही सुद्धा म्हणजे?” व्हर्लिनने त्याच्याकडे वळून विचारलं. “गेल्या वर्षी माझी माशी तुला लागली होती. तू चार म्हणाला होतास.”

ऑर्डेलचं हसू चीजच्या तुकड्यात अडकलं. “अरे, ते चार... म्हणजे चार लागले होते रे. पण माझ्या माशीवर. तुझी मी दोराला लावली होती, आईशपथ. पहिल्याच फेकीत तिने पाण्यावर अशी धप्पकन बैठक मारली, की अख्ख्या डोहातले मासे कामधंदा सोडून पळाले. मग काढली. आता तुला काय सांगायचं होतं? वर्षभर वाट बघतोस तू, लेका.”

मग एकेकाने कबूल करायला सुरुवात केली. ज्याने पाच सांगितले होते त्याने माशी खिशातच ठेवली होती. दोनवाल्याने ती हाताला लागताच जेवणाच्या डब्यात लपवली होती. गंमत म्हणजे प्रत्येकाला वाटत होतं, खोटं बोलणारा आपणच एकटा, बाकीच्यांना तिच्यावर खरंच मासे लागतात. एक जण तर म्हणाला, “मला वाटलं, दोष माझ्याच हाताचा.” एकतीस मासे एका जेवणात पाण्यात परत गेले.

व्हर्लिन चवताळला. “अकरा वर्षं! अकरा वर्षं मला वेड्यात काढलंत! मित्र म्हणवता?”

“ओरडू नकोस,” आर्लिसबाई म्हणाल्या. त्या इतका वेळ घडीच्या खुर्चीत बसून शांतपणे सॅलड खात होत्या. “मी तुझी माशी तासभर वापरली होती. पुरा तासभर. एकही लागला नाही, तेच सांगितलं. तेव्हाही ओरडलाच होतास.”

महिनाभराचा तो अबोला त्याला आठवला आणि लाज वाटली. एवढ्या वर्षांत त्याच्याशी खरं बोललेलं माणूस एकच होतं आणि नेमका त्याच माणसावर त्याने डूख धरला होता.

“तुझी डबी आण बघू,” बाई म्हणाल्या.

“कशाला?”

“आण म्हटलं ना.”

व्हर्लिनने जॅकेटच्या खिशातून माश्यांची डबी काढली, पण दिली नाही. ऑर्डेलने ती हळूच त्याच्या हातातून काढून घेतली आणि बाईंच्या मांडीवर उघडली. आत सहा ओळी. एकसारख्या, सुबक, कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या माश्या. सगळ्या दुकानातल्या. व्हर्लिनने बांधलेली एकही नाही.

कुणी हसलं नाही. ऑर्डेलसुद्धा नाही.

“बारा हिवाळे बांधतोयस,” बाई म्हणाल्या, “आणि स्वतः एकदाही पाण्यात टाकली नाहीस?”

“त्या... त्या टोपीसाठी असतात.”

“व्हर्लिन.”

“भीती वाटते गं,” तो म्हणाला. सहा फुटांचा माणूस, पण आवाज अगदी बारीक निघाला. “दुसऱ्याने वापरली आणि मासा नाही लागला तर त्याचा हात वाईट म्हणता येतं. मी वापरली आणि नाही लागला तर?”

बाईंनी टोपीच्या कडेला खोचलेली सुई काढली, व्हर्लिनच्या तळहातावरची माशी उचलली आणि नेढ्यातलं रोगण टोकरून टोकरून काढलं. फुंकर मारली, उन्हासमोर धरून पाहिलं आणि माशी त्याला परत दिली. “आता ओव,” म्हणाल्या. “आणि जा. दोन वाजायला आलेत, किडे निघतील आता.”

पुलाखालच्या डोहावर करडे किडे खरोखरच निघायला लागले होते. पलीकडच्या काठाला, ओणव्या विलोच्या झाडाच्या सावलीत, एक ट्राउट दर मिनिटाला वर येऊन एकेक टिपत होती. व्हर्लिन गुडघाभर पाण्यात उतरला. मागे काठावर सात जण कॉफीचे कप घेऊन गवतात बसले आणि कुंपणापलीकडे टॉलेफसनच्या गाई ओळीने येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या प्रेक्षकांसमोर त्याने टँकरही कधी मागे घेतला नव्हता.

पहिली फेक मागच्या गवतात अडकली. पास्टर धावत गेले आणि सोडवून आले. आज ते काहीही करायला तयार होते. दुसरी फेक बरी पडली, पण प्रवाहाने दोर ओढला आणि माशी मोटारबोटीसारखी पाण्यावर रेघ मारत गेली.

“कुठे निघाली रे ती? सुट्टीला?” ऑर्डेलने विचारलं.

“गप बस,” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या फेकीला ट्राउट वर आली, माशीच्या खाली क्षणभर थांबली आणि परत गेली.

“वास घेऊन गेली.”

“ऑर्डेल, तुला पाण्यात ढकलीन हं मी.”

चौथी, पाचवी, सहावी. व्हर्लिनच्या कपाळावर घाम आला. त्याच्या मनात आलं, डबीतली दुकानातली एक लावावी, ही ट्राउट पकडावी आणि सगळ्यांची तोंडं बंद करावीत. हात खिशाकडे गेलाही. पण मग प्रश्न तसाच राहणार होता. त्याने हात मागे घेतला आणि सातवी फेक केली.

एव्हाना माशीच्या ढेरीने भरपूर पाणी पिऊन घेतलं होतं. ती आता तरंगेना आणि बुडेनाही. वाकडी शेपटी पाण्याखाली, एक पंख वर, एक पंख चिकटलेला. पाण्याच्या पृष्ठावर ती लडबडत, कलंडत निघाली.

“अगं बाई,” आर्लिसबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. “बघा, बघा तिला. कोषातून धड बाहेर न पडलेला किडा दिसतोय. असा किडा उडून जायची भीती नाही, तेव्हा मासा आधी त्यालाच...”

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत सावलीतून एक सोनेरी पाठ वर आली, तोंड उघडलं, मिटलं, आणि माशी दिसेनाशी झाली. व्हर्लिन नुसता बघत राहिला.

“उचल!” सात जण एकदम ओरडले. एक गाय दचकून मागे सरली.

त्याने काठी उचलली. काठी वाकली आणि तिच्या टोकाला काहीतरी जिवंत धडधडायला लागलं. पुढची दोन मिनिटं काठावरून इतके सल्ले आले की त्यातला एकही त्याच्या कानात शिरला नाही. शेवटी मासा जाळीत आला. वीतभराहून थोडा मोठा, अंगावर लाल ठिपके आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यात ती ओली, वाकडी, ढेरपोटी माशी. व्हर्लिनने हात ओले केले, गळ सोडवला आणि मासा पाण्यात धरून ठेवला. मासा कल्ले हलवत थोडा वेळ त्याच्या हातातच थांबला आणि मग शेपटी मारून गेला. व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायचं त्याला सुचलंही नाही, इतका तो आनंदात होता.

काठावर पास्टर टोपी उडवत होते. ऑर्डेल म्हणाला, “लेका, आता ती पुन्हा तशी वाकडी बांधता येणार आहे का तुला?”

“मला दुसरी कशी येते कुठे?” व्हर्लिन म्हणाला. यावर काठावर हसून हसून मुरकुंडी वळली आणि सर्वांत मोठ्याने तोच हसला. नंतर अंधार पडेपर्यंत तो त्याच माशीवर खेळला. आणखी एकही लागला नाही. शेवटी तिची पिसं सुटली आणि नुसता गळ उरला.

घरी आला तेव्हा त्याची बायको बर्निस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शब्दकोडं सोडवत बसली होती. दर वर्षी मोसमाच्या पहिल्या दिवशी ती पेन्सिल न थांबवता एकच विचारी, तो ऐटीत आकडा सांगे, ती “छान हं” म्हणे आणि पुढचा आडवा शब्द शोधायला लागे.

“किती लागले मग तुझ्या माशीवर?” तिने कोड्यात बघतच विचारलं.

“एक.”

पेन्सिल थांबली. बर्निसने मान वर केली, चष्मा काढला आणि दारात ओल्या मोज्यांनी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे नीट पाहिलं.

“एक?” ती म्हणाली. “खरंच लागला?”

त्याने होकारार्थी मान हलवली. तिने कोडं बाजूला सारलं, पायाने समोरची खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

“बस इथे,” ती म्हणाली. “कुठे लागला, कसा लागला, सगळं पहिल्यापासून सांग.”